आईच्या नावाने मुलांसाठी काहीतरी करायचंय, चेक देऊन मोकळं व्हावं की दर महिन्याला?

खारीबटर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, इतके दिवस फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय त्यामुळे चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिन हलवा प्लीज.

आई गेल्या वर्षी गेली. सगळी नोकरी झेडपीच्या शाळेत, त्यातली अर्धी परभणी जिल्ह्यात. आम्ही तिघं भावंडं मिळून तिच्या नावाने दरवर्षी दीड लाखापर्यंत रक्कम मुलांसाठी खर्च करायची म्हणतोय, आणि एकच वर्ष नाही, किमान पाच वर्षं तरी. इथपर्यंत एकमत. पुढे तीन तोंडं तीन दिशांना. दादा म्हणतो एखाद्या बालगृहाला चेक द्या आणि विषय संपवा, आपल्याला कुठे वेळ आहे. धाकट्याला आईच्या शाळेत डिजिटल बोर्ड द्यायचाय, वर तिच्या नावाची पाटी. मला वाटतं गावाकडून कॉलेजला आलेल्या एक-दोन मुलांचा खर्च उचलावा. पण नेमका कुठला खर्च, कसा, कोणामार्फत, काहीच माहीत नाही. कोणी प्रत्यक्ष काम केलंय का? वर्षश्राद्धाच्या आत ठरवायचंय नाहीतर हे नुसतं व्हॉट्सॲप ग्रुपवर राहील.

भिंगरी७

आधी आईंना नमस्कार. मी दोन-तीन वर्षं एका बालगृहात रविवारी मुलांचा अभ्यास घ्यायला जायचे, नाव लिहीत नाही. रविवार म्हणजे तिथे वाढदिवसांचा दिवस. चारला एक कुटुंब केक घेऊन, ते जात नाही तोवर दुसरं. ज्या मुलाला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी सगळी पोरं रांगेत बसून हॅपी बर्थडे म्हणणार, मग फोटो. एक सहावीतला पोरगा क्रीम बोटाने बाजूला सारून नुसता खालचा स्पंज खात होता, विचारलं तर म्हणाला दीदी आजचा तिसराय. आणि फोटोचं म्हणाल तर बाल न्याय कायद्याच्या (२०१५चा) कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असं काही छापणं-टाकणं गुन्हा आहे, तरी लोक सर्रास स्टेटसला ठेवतात.

स्टोअर रूममध्ये कंपासपेट्यांचे खोके छताला लागलेले. दिवाळीत फराळ एवढा की वाटून संपत नाही. मी अधीक्षक ताईंना विचारलं होतं तुम्हाला खरं काय हवं, त्यांनी न थांबता सांगितलं: खरजेचं मलम, चष्मे, दातांचा डॉक्टर, मोठ्या मुलींचे आतले कपडे, पॅड, लाइट बिल, आणि रात्री झोपायला असणाऱ्या मावशींचा पगार. यातलं काहीच कोणी देत नाही कारण मावशींच्या पगारावर नावाची पाटी लावता येत नाही ना. (खारीबटर, तुमच्या भावाला टोमणा नाही हां, पण आहेच थोडा.)

सरळसोट

कटू बोलतो. आपण टॅक्स भरतो, ही कामं सरकारची आहेत. निम्म्या संस्था पुढाऱ्यांच्या मेव्हण्या-भाच्यांच्या. आणि कंपन्या आहेतच की, सीएसआरचे (समाजासाठी कायद्याने खर्च करावा लागणारा पैसा) कोट्यवधी जातात, तुमच्या दीड लाखाने काय समुद्रात फरक पडणार आहे?

ताळेबंद

सरळसोट, सीएसआर सगळ्या कंपन्यांना लागत नाही. नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. कंपनी कायदा २०१३, कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. मी अशा काही कंपन्यांचं ऑडिट बघतो. पैसा जातो हे खरंय पण तो जातो मोठ्या, रिपोर्ट लिहू शकणाऱ्या संस्थांकडे, आणि शक्यतो मोजता येईल अशा गोष्टीत, म्हणजे खोल्या बांधल्या, टॅब वाटले, इतके लाभार्थी. एका मुलीच्या मेसचं बिल चार वर्षं भरणं हे त्या एक्सेल शीटच्या कुठल्या रकान्यात बसवायचं हेच त्यांना कळत नाही. तिथेच घरगुती दीड लाखाला किंमत आहे.

पेन्शनर_मास्तर

खारीबटर ताई, आपल्या मातोश्री शिक्षिका होत्या हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

शिकणाऱ्या पोराला जेवू घालणं ही आपल्याकडे जुनीच रीत. माझे वडील सांगलीत वार लावून जेवले, सोमवारी या घरी मंगळवारी त्या घरी, आणि एखादा वार रिकामा राहिला की त्या दिवशी शेंगदाणे आणि पाणी. आता त्या पद्धतीत जातपात भरपूर होती, कोणाला ओसरीवर कोणाला आत आणि कोणाला उंबऱ्याच्या बाहेरसुद्धा नाही, त्यामुळे उगाच गहिवरायला नको. म्हणून तर शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली, नुसती शाळा काढून भागत नाही, पोरगं राहणार कुठं आणि खाणार काय हे त्यांना आधी कळलं होतं. कर्मवीर भाऊराव त्याच वातावरणातले. १९१९ला रयत शिक्षण संस्था, १९२४ला साताऱ्याचं बोर्डिंग, आणि तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने खर्ची घातले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मी रयतमध्येच शिकलो आणि रयतमध्येच शिकवलं, कमवा आणि शिका मध्ये बागेला पाणी घालायचो, त्यामुळे हे मला पुस्तकातलं नाही.

पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती काढली तीही याच गरजेतून, खेड्यातून येणाऱ्या पोरांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणून. त्याही आधी १९०९चं अनाथ विद्यार्थी गृह, आताचं पुणे विद्यार्थी गृह. बघा, शंभर वर्षं झाली तरी मुद्दा तोच, खोली आणि ताट. डिजिटल बोर्ड वाईट नाही पण माझ्या शेवटच्या शाळेत दोन बोर्ड होते आणि लाइट बिल थकलं म्हणून मीटर कापलेलं.

नांदेडची_पोर

मास्तर काका, खोली आणि ताट!! हेच लिहायला लॉगिन केलं.

मी बी.फार्म पुण्यात केलं, आता नोकरी करते, धाकटी बहीण सध्या इंजिनियरिंगला आहे. माझ्या वेळी अर्धी फी माफ होती. आता २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली (कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशातून ॲडमिशन पाहिजे, आरक्षित आणि ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिक दुर्बल वगैरे गटात बसलं पाहिजे), खूप मोठी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण लोकांना वाटायलंय की झालं, आता मुलींचं शिक्षण फुकट. अहो फी माफ झाली, मेस कोण माफ करणार? दोन वेळचा डबा तीन-साडेतीन हजार, कॉट बेसिसवर खोली, त्याचं डिपॉझिट, बस पास, ड्रॉइंग शीट, लॅबचा ॲप्रन, जुना का होईना लॅपटॉप. माझ्या वर्गातल्या दोघी जणी पहिल्या वर्षातच परत गेल्या, फीमुळे एक पण नाही. एकीचं खोलीचं डिपॉझिट जमलं नाही, दुसरीच्या घरी सोयाबीनचे पैसे आले नाहीत आणि मेसवाल्या काकांनी दोन महिने थांबून मग नाव कमी केलं, त्यांचं तरी काय चुकलं.

सरकारी निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, एससी एसटी ओबीसी मराठा सगळ्यांना वेगवेगळ्या, पण पैसा येतो तेव्हा येतो. सप्टेंबरची मेस मार्चमध्ये भरता येत नाही. मी एक वेळचा डबा लावला होता आणि रात्री पार्ले-जी, आणि हे घरी सांगायचं नाही कारण मग बाबा म्हणतील ये परत. ज्या संस्थेने मला मदत केली त्यांनी फी नाही दिली, त्यांनी मेसवाल्याला डायरेक्ट महिन्याचे पैसे दिले, बस. चार वर्षं. त्यामुळे ताई तुमचं मत बरोबर आहे, भावांना हा प्रतिसाद दाखवा.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये द्या. डिपॉझिट तेव्हाच लागतं. मार्चमध्ये टॅक्ससाठी सगळे देतात, तेव्हा परीक्षा आलेली असते.

खारीबटर

नांदेडची_पोर, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. धाग्याची लिंक दोघांना पाठवली.

दादाचं उत्तर आलंय, इथे चिकटवते: "ठीक आहे पण मग हुशार मुलगी शोधा, ८५ टक्क्यांच्या वरची, आणि दर सेमिस्टरला मार्कलिस्ट पाठवायची, नापास झाली तर बंद. आपला पैसा वाया जायला नको."

यात मला पूर्ण चूक पण वाटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

मेथीचीजुडी

८५ वाल्यांना स्कॉलरशिपवाले शोधत येतात हो. दहावीचा निकाल लागला की पेपरात फोटो, 'झोपडीतला हिरा' टाइप बातमी, मग पंधरा लोक मदतीला. ५८ टक्क्यांवाली जी एएनएम (नर्सिंग), डीएमएलटी (लॅब टेक्निशियन) किंवा आयटीआय करून दोन वर्षांत घर चालवायला लागेल तिच्याकडे कोणी बघत नाही. माझ्या मते तीच खरी 'इन्व्हेस्टमेंट', दादाच्याच भाषेत बोलायचं तर.

नांदेडची_पोर

+१ मेथी. मला एम-२ ला (इंजिनियरिंगचं गणित) बॅक लागला होता... सॉरी तो बहिणीला, मला बायोकेमिस्ट्रीला. दुसऱ्या सेमला. मराठी मीडियममधून आले होते, पहिलं वर्ष तर सर काय म्हणायलेत तेच कळत नव्हतं. दादांचा नियम असता तर मी आज नांदेडला असते. नापास झाली तर बंद करू नका, नापास झाली तर फोन करा आणि विचारा काय झालं. हजेरी बघा हवं तर, कॉलेजला जायलीय की नाही ते. मार्कांची कॉपी मागितली तरी चालेल पण ती धमकी म्हणून नको.

सरळसोट

म्हणजे अकाउंटेबिलिटी काहीच नको? मी दिलेल्या पैशांचा हिशोब मागायचा नाही?

ताळेबंद

हिशोब संस्थेकडे मागा की, मुलीकडे कशाला. संस्थेला विचारायचं: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट दाखवा. बालगृह असेल तर बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी आहे का, ती नसेल तर तिथूनच परत फिरायचं, मुलं कितीही गोड गाणी म्हणू देत. आणि मी स्वतः एक प्रश्न हमखास विचारतो, गेल्या वर्षी ज्यांना मदत केली त्यातले किती जण या वर्षी अजून त्याच कोर्सला आहेत? ज्यांच्याकडे याचं उत्तर वहीत लिहिलेलं असतं ते काम करतात. ज्यांच्याकडे फक्त कार्यक्रमाचे फोटो असतात ते कार्यक्रम करतात.

उंबरठा

उशिरा आले धाग्यावर. मी बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसोबत काम करते, तर एक बाजू राहिलीय ती लिहिते कारण दादांना बालगृहालाच द्यायचंय.

लोकांना लहान मुलं आवडतात. चार-पाच वर्षांचं पोर मांडीवर येऊन बसलं की चेकबुक निघतं. तेच पोर सतराचं झालं, मिसरूड फुटलं, उलट बोलायला लागलं, की देणगीदार गायब. आणि कायद्याने अठरा पूर्ण झाले की बालगृह सोडायचं. तुमच्या-माझ्या घरातलं अठराचं पोरगं ओटीपी आला तरी आईला विचारतं, आणि याने त्या दिवसापासून खोली शोधायची, त्यासाठी भाडेकरार, भाडेकरारासाठी ओळखीचा माणूस, पर्मनंट ॲड्रेस काय लिहायचा? घरमालक विचारतो आईवडील काय करतात, खरं सांगितलं की खोली नाही. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म घेऊन एक मुलगा माझ्याकडे आला होता, नातेवाइकाचं नाव हा रकाना कोरा, म्हणाला मॅडम इथे तुमचं लिहू का. लिहिलं.

कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची सोय आहे, २१ वर्षांपर्यंत. अनुरक्षण गृहं आहेत पण कमी, आणि मुलींसाठी तर शोधून काढावी लागतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत महिना ४००० रुपयांची तरतूद आहे, पण चार हजारात शहरात खोली आणि जेवण दोन्ही होत नाही हे वर नांदेडच्या ताईंनी लिहिलंच आहे. महाराष्ट्रात अनाथ मुलांना शिक्षण आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे, निर्णय २०१८चा, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते बालगृहात असतानाच काढून घेतलं तर ठीक, नंतर हेलपाटे.

त्यामुळे बालगृहाला द्यायचंच असेल तर त्यांना सांगा की आमचे पैसे यंदा अठरा पूर्ण होणाऱ्या मुलांसाठी आहेत, पहिल्या वर्षाची खोली, डिपॉझिट, गादी, गॅस, दोन जोड बरे कपडे मुलाखतीला. आणि शक्य असेल तर एक माणूस, ज्याला रात्री ताप आला तर फोन करता येईल.

अजून एक, पैसे न लागणारी मदत. ज्या मुलांचे वडील नाहीत किंवा आई एकटी आहे त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २२५० रुपये मिळतात आणि मूल घरीच राहतं, बालगृहात जावं लागत नाही. तुमच्या धुणी-भांडीवाल्या मावशी, सोसायटीच्या वॉचमनची विधवा सून, किती जणींना माहीतच नसतं. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, एवढं जमवून महिला व बालविकासच्या जिल्हा ऑफिसात अर्ज करायचा. एक शनिवार-रविवार बसून कागद लावून दिले तरी एका घराला वर्षाचे सत्तावीस हजार. मला विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा, यादी पाठवते.

भिंगरी७

उंबरठा, __/\__ . बालसंगोपनचं मला इतकी वर्षं जाऊन माहीत नव्हतं. विपू केलाय.

हडसनकाठचा

न्यू जर्सीहून. आम्ही इथल्या मंडळातले सात-आठ जण अशा मुलांना मदत करायला तयार आहोत, खारीबटर तुमच्यासोबत जोडून घ्याल का? माझ्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) आहे, बाकी काही जण भारतीय पासपोर्टवाले. आम्ही तुमच्या अकाउंटला पाठवू, तुम्ही पुढे द्या, सोपं पडेल.

ताळेबंद

थांबा थांबा! असं अजिबात करू नका. खारीबटर, तुमच्या खात्यात कोणाचेही पैसे घेऊ नका.

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत संस्थेला दिले तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. ओसीआय म्हणजे मात्र परदेशी नागरिक, त्याची देणगी एफसीआरएमध्ये (विदेशी देणग्यांचा कायदा) येते, मग ती भारतातल्या खात्यातून रुपयात दिली तरीही. ज्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे तीच घेऊ शकते आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. आणि एका संस्थेने घेतलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला फिरवायलाही आता बंदी आहे. छोट्या संस्था यात चुकून अडकतात, देणाऱ्याचं काही जात नाही, त्यांचं काम बंद पडतं.

हडसनकाठचा

बापरे, बरं झालं विचारलं. मग आम्ही पासपोर्टवाले वेगळे आणि आम्ही ओसीआयवाले वेगळी संस्था बघू. पैसे सोडून काही? इथे बरेच जण फार्मा आणि आयटीत आहेत, इंटरव्ह्यूची तयारी, इंग्लिश बोलायचा सराव वगैरे ऑनलाइन घेऊ शकतो.

नांदेडची_पोर

दादा इंग्लिशचं नक्की करा!! पण एक सांगू, दर आठवड्याला जमणार असेल तरच सुरू करा. आमच्या हॉस्टेलला असे खूप जण यायचे, पहिल्या दिवशी मोटिव्हेशनल भाषण, एपीजे अब्दुल कलाम, आणि परत दिसायचे नाहीत. मुली वही घेऊन बसायच्या. आणि एकदम 'प्रॉब्लेम सांगा' म्हणू नका, आधी काहीतरी शिकवा, प्रॉब्लेम आपोआप सांगतात.

पेन्शनर_मास्तर

बाळ, तुझ्या प्रतिसादांना माझ्याकडून पैकीच्या पैकी.

खारीबटर

मंडळी, काल रात्री तिघांचा कॉल झाला, दीड तास, त्यात वीस मिनिटं भांडण. सध्या ठरलंय ते असं. यंदा एका मुलीची मेस आणि खोली, संस्थेमार्फत, कोर्स संपेपर्यंत, म्हणजे पहिल्यांदा घेतलेली मुलगी मध्ये सोडायची नाही, दुसरी घ्यायला पैसे उरले नाहीत तरी चालेल. ८५ ची अट दादाने सोडली, हजेरीची ठेवली. उरलेले पैसे बालगृहातून यंदा बाहेर पडणाऱ्या एका मुलाच्या डिपॉझिटला, उंबरठा ताई तुम्हाला विपूतून नंबर दिलाय. धाकटा अजून बोर्डावर अडून आहे, तो म्हणतो मी माझ्या वेगळ्या पैशांनी देईन, देऊ दे, मास्तरांचा मीटरचा किस्सा त्याला सांगितलाय तर आता म्हणतो सोलर पण बसवतो.

मुलीला आमची नावं कळवायची नाहीत असं मी म्हणतेय, दादाला एकदा तरी भेटायचंय. ते राहिलंय ठरायचं.

एक प्रश्न ताळेबंद यांना, पावती आईच्या नावाने घेता येते का?

ताळेबंद

आईंच्या स्मरणार्थ असं लिहून मिळेल, पण पावती देणाऱ्याच्या नावावर आणि त्याच्या पॅनवर. तिघं देताय तर तिघांनी आपापल्या खात्यातून वेगवेगळे ट्रान्सफर करा, एकाने सगळे भरून बाकीच्यांनी त्याला जीपे करायचं नाही. आयकरात (१९६१च्या कायद्यात हे कलम ८०जी) साधारणपणे देणगीच्या ५० टक्क्यांची वजावट मिळते, त्यालाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि रोख २००० च्या वर दिलं तर काहीच मिळत नाही. संस्थेकडून नुसती पावती नको, देणगीचं आयकर प्रमाणपत्रही (१९६१च्या कायद्यात फॉर्म १०बीई) मागून घ्या. आणि न्यू रेजिममध्ये (आयकराची नवी पद्धत) असाल तर ही वजावट नाहीच. मेसवाल्याला थेट दिलेत तरी नाही.

सरळसोट

न्यू रेजिममध्ये नाही मिळत? मग मी कशाला विचार करत होतो इतका वेळ.

मेथीचीजुडी

म्हणजे तुम्ही विचार करत होतात! :फिदी: उंबरठा, यांना पण यादी पाठवा.